देव्हाऱ्यातला जाळ

दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायची वेळ आली तेव्हा आमच्या यांना दोन क्वार्टर दाखवली होती. एक नव्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर, टाइल्स बसवलेलं. दुसरं कॉलनीच्या टोकाला, साहेबाच्या काळातलं दगडी घर. ते कुणी घेत नव्हतं. वायरिंग जुनं, कौलं गळतात, शंटिंगचा आवाज उशाशी, अशी त्याची कीर्ती. हे मला विचारायला घरी आले आणि मी जुनं सांगितलं. कारण एवढंच की त्याला अंगण होतं. मी वडगाव रासाईची, फुलं आणि भाजीपाला करणाऱ्यांच्या घरातली. कुंडीत झाड लावायचं म्हणजे मला वासराला बादलीत उभं केल्यासारखं वाटतं.

शेजारपाजारच्या बायकांनी मला वेड्यात काढलं. काढू देत. मी अंगणात अबोली, गवती चहा आणि कढीपत्ता लावला आणि मग सावकाश घराकडं बघितलं.

घर कसं होतं, तर एका छपराखाली दोन कुटुंबांची जोडघरं. भिंती काळ्या घडीव दगडाच्या, दीड हात जाड, दगडांच्या दरजा चुन्यानं भरलेल्या. छप्पर इतकं उतरतं की मांजरसुद्धा त्यावरून जपून चालायचं. दारापुढं दगडी कमानीची एवढीशी ओसरी, एका वेळी एकानंच चपला काढाव्यात अशी. खिडक्या लहान, पण भिंत जाड असल्यानं प्रत्येक खिडकीला आतून ऐसपैस कट्टा. माझी लेक त्या कट्ट्यावर बसूनच शिकली. आणि दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक भलामोठा कोनाडा. वर कमान, खाली दगडी फरशी, कमानीच्या वर फळीसारखा पुढं आलेला एक लांब दगड. आत वाकून वर बघितलं तर काळाकुट्ट बोगदा.

यांनी वाकून बघितलं, मान बाहेर काढली आणि म्हणाले, "साहेब लोकबी देवाधर्माचं होतं म्हणायचं. देवासाठी केवढी जागा ठेवलीया बघ. आन् धुपाचा धूर जायाला वर वाटबी काढलीया."

आता कुणी हसेल. पण शेकोटीची ती भिंतीतली जागा आम्हीही सिनेमात पाहिली होतीच की. हिरोईन स्वेटर घालून तिच्यापुढं बसते. पण सिनेमातली शेकोटी आणि दौंडातला आपल्या घरचा कोनाडा ही एकच वस्तू, हे कुणाच्या डोक्यात येणार? मे महिन्यात जिथं नळाचं पाणी चटके देतं, तिथं भिंतीत जाळ करायची सोय कोण कशाला करील? तेव्हा तो देव्हाराच. आम्ही तो धुतला, चुना लावला, कमानीला झेंडूचं तोरण लावलं आणि देव बसवले. यांच्या घरचे खंडोबा-भवानीचे टाक, माझ्याबरोबर माहेराहून आलेली अन्नपूर्णा, घंटा, समई. वरच्या दगडावर कुंकवाचा करंडा. अख्ख्या कॉलनीत असा देव्हारा कुणाकडं नव्हता. वर वाट असूनही उदबत्तीचा धूर मात्र खोलीतच फिरायचा. आम्ही म्हणायचो, देवाला आपल्यातच राहायला आवडतं.

बरीच वर्षं हे असंच चाललं. लेक मोठी झाली, पुण्याला शिकली, लग्न झालं आणि जावयाच्या कंपनीच्या कामामुळं दोघं इंग्लंडला गेली. तिथं शहरात एका उंच इमारतीत राहायची. तिच्या फोनमधून मी इंग्लंड पाहिलं ते असं की लिफ्ट, रस्ता, दुकान आणि पाऊस.

एका रविवारी ती दोघं खेड्याकडं फिरायला गेली आणि तिथून तिनं व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडं संध्याकाळ होती, मी गवार मोडत होते. "आई, ओळख बघू, कुणाचं घर?" म्हणाली आणि फोन फिरवला.

मी चष्मा पुसून बघितलं. उतरतं छप्पर, दगडी भिंत, लहान लहान खिडक्या, कमानीची ओसरी, वर धुराडं. "अगं, हे तर आपलं क्वार्टर!" मी ओरडले.

रंग तेवढा निराळा. आमचा दगड काळा, तिथला पिवळसर, हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा. कौलांच्या जागी दगडाच्याच पातळ फरश्या, त्यांवर शेवाळ आलेलं. भिंतीवरून गुलाबाचा वेल चढवलेला. पण घाट तोच. बहिणी बहिणी वेगवेगळ्या घरी दिल्या तरी चालण्यावरून ओळखू येतात, तसं. आणि अशी घरं एक नाही, ओढ्याच्या काठानं ओळीनं उभी. लेक म्हणाली, तिथली शेतकरी माणसं, धनगर, विणकर अशा घरांत राहायची. जवळच्या खाणीतला दगड काढायचा आणि तिथंच घर बांधायचं, त्यामुळं गावाचा आणि डोंगराचा रंग एकच.

त्यातल्या एका घरात एक म्हातारी बाई चहा-केक विकायची. पोरं आत गेली. दार इतकं बुटकं की जावयाचं डोकं चौकटीला आपटलं, तो आवाज आम्हाला दौंडात ऐकू आला. लेकीनं फोन आतल्या भिंतीकडं केला आणि हे, जे तोवर बातम्या बघत होते, ताडकन उभे राहिले.

"अगं, देव्हाऱ्यात जाळ घातलाय की त्यांनी!"

खरंच होतं. तीच कमान, तीच फरशी, तोच पुढं आलेला दगड, आणि आत ओंडके धडाधडा पेटलेले. यांचा चेहरा बघवेना. "विचार त्या बाईंना, देव कुठं बसवलेत त्यांनी," म्हणाले. लेकीनं हसत हसत विचारलं. म्हातारी आधी गोंधळली, मग तिनं खिडकीबाहेरच्या चर्चकडं बोट दाखवलं. यांना ते काही पटलं नाही.

मग लेकीनं सगळं समजावून सांगितलं. तिकडं आठ महिने थंडी. म्हणून भिंती जाड, म्हणजे ऊब बाहेर जात नाही. म्हणून खिडक्या लहान. छप्पर उतरतं, म्हणजे पाऊस आणि बर्फ टिकत नाही. आणि घराच्या मधोमध भिंतीत जाळ, म्हणजे दगड तापतो आणि विस्तव विझला तरी भिंत दोन्हीकडच्या खोल्या ऊबदार ठेवते. तिकडून इथं आलेल्या कुणी साहेबानं आपल्या गावच्या घराचा नकाशा आठवून आपली क्वार्टर बांधली असणार, असं ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर हे बराच वेळ कोनाड्यापुढं उभे होते. "म्हंजी इतकी वर्सं आपुन देवाला चुलीत बसवलं व्हय?"

"चुलीत न्हाई, शेगडीत," मी म्हटलं. "आन् तिच्यात कवा कुणी जाळ केलाय? राखेचा कण तरी हाय का? मग बसू द्या की. इतकी वर्सं बसलेत, त्यांनी कवा तक्रार केली?"

दोन-चार दिवस त्यांनी लांबूनच हात जोडले. मग रोजच्यासारखी फुलं वाहायला लागले.

मी मात्र त्या दिवसापासून घराकडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. इतकी वर्षं मी त्या लहान खिडक्यांना शिव्या घातल्या होत्या, वारा म्हणून येत नाही. आता कळलं की त्या वारा येऊ नये म्हणूनच होत्या. छप्पर बर्फासाठी उतरतं केलेलं, आणि दौंडात तर पाऊसही वेळेवर पडेल तर शपथ. मला त्या न पाहिलेल्या साहेबाची दया आली. बिचाऱ्यानं भर उन्हात घाम पुसत थंडीचं घर बांधलं. आमच्या बायका नाही का, सासरी लाख पद्धती असोत, आमटीला फोडणी माहेरचीच देतात? तसंच ते. खुळेपणा खराच, पण मला तो आवडला. उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याच्या भिंती थंड राहायच्या हेही कबूल करायला हवं. संध्याकाळी त्या दिवसभराचं ऊन परत करायच्या तेव्हा आम्ही अंगणात बाजा टाकायचो.

पुढच्या वर्षी लेकीला दिवस गेले. बाळंतपणाला मी तिकडं जावं असं जावयांच्या मनात होतं, पण लेकीनंच सांगितलं, मी येते. पहिलं बाळंतपण माहेरी, दौंडात. मी हरखून गेले. कोळसा आणला, शेगडी घासली, नवं बाजलं विणून घेतलं. ओवा, बाळंतशेपा, डिंक, आळीव, सगळं निवडून डब्यांत भरलं. माझ्या आईनं माझं जसं केलं तसं मी तिचं करणार होते. तेल-मालीश, कढत पाण्यानं न्हाणं, मग बाजल्यावर निजवून खालून शेक. माझी एकुलती एक लेक, हे करायची संधी मला एकदाच मिळणार होती.

ऐन पौषात नात झाली. नाजूक, वजन कमी, पण रडणं ठणठणीत. घरी सोडताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाळाला सतत उबेत ठेवा, पण कोळशाची शेगडी खोलीत आणायची नाही, धुरी द्यायची नाही. बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाला धोक्याचा असतो.

लेकीनं ते ब्रह्मवाक्य धरलं. मी शेगडी पेटवली की ती म्हणायची, "आई, बाहेर." नुसती ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम केली तरी, "आई, वास येतोय, बाळाला त्रास होईल." आळिवाची खीर तेवढी मुकाट्यानं खायची. डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळलं म्हणून वाईट वाटायचं थांबतं का? मी एकदा चिडून म्हटलं, "मग मी काय नुसती बगायला बसू?" ती कूस बदलून निजली.

आणि वर ती थंडी. दगडी घराचा उन्हाळ्यातला गुण हिवाळ्यात वैर काढतो. भिंतींना हात लावला तर माठाला लावल्यासारखं वाटायचं. हिटर आणला, तर तो लावला की फ्यूज उडायचा. बाळाला गोधड्यांत गुंडाळलं, लेकीनं डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणं उघड्या छातीशी धरलं, तरी तिची पावलं गार पडायची. पाचवी पुजली, आणि त्यानंतर वजन करायला नेलं तर ते वाढलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधातून मिळालेली ताकद अंग गरम ठेवण्यातच खर्च होतेय. खोली उबदार करा, नाहीतर पुन्हा दाखल करावं लागेल.

त्याच दिवशी विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला. "ताई, तुम्ही दोघींना इकडे आणून सोडा. आमचा फ्लॅट उबदार आहे, हिटरही चालतो. तुम्हीपण या." मनापासून, चांगुलपणानं म्हणाल्या. त्यामुळं भांडताही येईना. लेक फोनवर म्हणाली, "बघते, उद्या सांगते." मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली. ती गेली तर बाळाचं भलंच होतं. पण माझ्या लेकीचं बाळंतपण माझ्या घराला जमलं नाही, हे मला आयुष्यभर सलत राहिलं असतं.

भांडी लावून आले तर ती बाजल्यावर पडून समोरच्या पडद्याकडं टक लावून बघत होती. देव्हारा त्याच खोलीत. घरात बाळ जन्मलं की सोयर असतं, देवाला शिवायचं नाही, म्हणून मी माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा कोनाड्यावर सोडला होता.

"आई," ती म्हणाली, "देव कशात बसलेत ते विसरलीस का?"

मला कळायला एक क्षण लागला. भिंतीतली शेगडी. धूर वर, ऊब खोलीत. मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावून नीट विचारलं. त्या म्हणाल्या, धूर सगळा वर जात असेल तर हरकत नाही, खिडकी जराशी उघडी ठेवा, बाळाला जाळापासून लांब ठेवा.

अडचण यांची होती. हे दुपारी ड्यूटीवरून आले, ऐकलं आणि डबा हातात तसाच धरून कट्ट्यावर बसले. "अगं, सोयर हाय. बारावं झाल्याबिगर देवाला हात लावायचा न्हाई."

"तुमच्या गावात लोकं म्हणत्यात, लेकीच्या बाळाचं सोयर माहेराला तीनच दिस."

"आपल्यात बाराव्यापर्यंत पाळत्यात."

"मग बाराव्यापर्यंत पोरीनं काकडायचं व्हय?"

त्यांनी बाळाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. नातीसाठी जीव टाकणारा माणूस, पण देवाचा हात सुटेना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. तेवढ्यात बाळानं शिंक दिली. केवढीशी ती शिंक. हे उठले, म्हणाले, "आपल्याला शिवता येत न्हाई. पर शेजारच्यांना कुठं सोयर हाय?"

मधल्या भिंतीपलीकडं भाभी राहतात, बिहारकडच्या. त्यांचा नवरा ट्रॅकवर कामाला. त्यांच्या बाजूलाही अस्साच कोनाडा, त्यात त्या गॅसची टाकी आणि कांदे ठेवायच्या. मी दारातूनच त्यांना अडचण सांगितली. त्या लगेच अंघोळ करून, ओले केस तसेच, हातात नवं ताट घेऊन आल्या. पडदा सारला, नमस्कार केला आणि एकेक टाक उचलून ताटात ठेवला. "भगवान जी हमारे यहाँ मेहमान रहेंगे," म्हणाल्या. त्यांच्या मागून हे दारापर्यंत गेले, मुलीला सासरी पाठवताना जातात तसे, दोन पावलं अंतर ठेवून. भाभींनी टाकी आणि कांदे हलवून आपला कोनाडा पुसून घेतला आणि देव तिथं बसवले.

मग यांनी आमच्या कोनाड्यात वर्तमानपत्र पेटवून बघितलं. लेक आणि बाळ तोवर भाभींच्या आतल्या खोलीत, देवांपासून लांब. झालं! सगळा धूर तोंडावर. घर काळं, हे खोकून खोकून बेजार. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला की उदबत्तीचा धूर इतकी वर्षं घरातच का राहायचा. देवाला आमच्यात राहायला आवडत होतं ते सोडा, धुराडंच बुजलेलं होतं.

हे शिडी लावून छपरावर चढले. या वयात चढू नका म्हणून मी खालून कोकलत होते, आणि ते दोराला पोत्यात गुंडाळलेला दगड बांधून धुराड्यात खाली-वर करत होते. कितीतरी घरटी पडली. साळुंक्यांची, चिमण्यांची, काड्या, पिसं, एक कुजलेला पतंग, घमेलंभर काजळी. घरट्यांत कुणी राहत नव्हतं एवढं बरं. खाली आले तेव्हा माणूस ओळखू येत नव्हता. पुन्हा कागद पेटवला. ज्योत आधी थरथरली, मग धूर एकदम वळला आणि वर खेचला गेला, सूं करून, जसं कुणी आत ओढून घ्यावं. अंगणात जाऊन बघितलं तर आमच्या धुराड्यातून धूर निघत होता. कॉलनीतली माणसं थांबून बघायला लागली.

माझ्या भावानं वडगावहून वाळलेल्या बाभळीचे ओंडके टेम्पोतून पाठवून दिले. संध्याकाळ व्हायच्या आत जाळ धरला. पहिला तासभर काही कळलं नाही. मग कमानीचे दगड कोमट झाले, मग त्यांच्या बाजूचे, मग अख्खी मधली भिंत. मी तळहात लावून लावून बघत होते. ती ऊब हिटरसारखी अंगावर येत नव्हती. ती खोलीत मुरत होती. साहेब गेल्यापासून पहिल्यांदाच घर ज्यासाठी बांधलं त्या कामाला लागलं होतं की काय, कोण जाणे.

भाभी दारातून डोकावल्या, डोळे मोठे करून. "दीदी, हमारी तरफ की दीवार भी गरम हो गई! भगवान जी को भी सेंक लग रहा है।" ते ऐकून यांच्या काजळीभरल्या तोंडावर जे हसू आलं, तसं मी त्यांच्या बढतीलाही पाहिलं नव्हतं.

बाजलं आम्ही लांब, खिडकीच्या कट्ट्याजवळ ठेवलं. मी बाळाच्या गोधडीत हात घालून पावलं चाचपली. गरम होती. पोटऱ्या गरम, कान गरम. पहिल्यांदाच ती हातपाय मोकळे टाकून झोपली होती, मुठी उघडून. लेकीनं फोन उचलला आणि विहीणबाईंना सांगितलं, "आई, आम्ही इथंच राहतो. तुम्ही बारशाला या." मी लगबगीनं स्वयंपाकघराकडं निघाले, उगीचच.

"आई, थांब ना." ती बाजल्यावरून सावकाश उतरली, पाट ओढला आणि जाळाकडं पाठ करून बसली. शाल खांद्यावरून खाली सोडली. "ती तुझी ओव्याची पुरचुंडी कुठाय? पाठ शेक जरा. फार दुखतेय गं."

मी पुरचुंडी आणली. तापलेल्या दगडावर ठेवली, माझ्या गालाला लावून बघितली आणि तिच्या कमरेवर दाबली. तिनं मोठा सुस्कारा सोडला आणि मान माझ्या गुडघ्यावर टाकली. पाठ केवढी रोडावली होती पोरीची, एकेक मणका हाताला लागत होता. मी वरपासून खालपर्यंत शेकत राहिले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. धूर गेला डोळ्यांत, असं म्हणायचीही सोय नव्हती. धूर सगळा वर जात होता.